नांदेड-लातूर : अंध विद्यार्थ्यांची महाविद्यालयीन वाट
नांदेड आणि लातूर 1948 पर्यंत निजामी अमलाखाली होते. नांदेडला पीपल्स कॉलेज 1950 साली निघाले. पुढच्याच वर्षी भारतीय भाषांसाठी भारती ब्रेल ही समान लिपी ठरली. पण महाविद्यालयीन पुस्तके ब्रेलमध्ये क्वचितच मिळत. तयारी म्हणजे कुणी वाचून दाखवायचे आणि ऐकून पाठ करायचे. नांदेडला 1994 मध्ये स्वतंत्र विद्यापीठ झाले. खरा आधार मात्र कायद्याने दिला : 1995 च्या कायद्याने शासकीय व अनुदानित संस्थांत दिव्यांगांना 3 टक्के जागा, 2016 च्या कायद्याने 5 टक्के. परीक्षेत लेखनिक घेणाऱ्यांना ताशी किमान 20 मिनिटे जादा वेळ 2013 च्या केंद्रीय सूचनांनी ठरला. परीक्षेच्या तयारीच्या ‘लातूर पॅटर्न’चा मोठा भर सराव परीक्षांवर असतो; अंध विद्यार्थ्याला तो सराव बहुधा लेखनिकासोबत करावा लागतो. राखीव जागेसाठी किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते.