चंचल चित्ताचा इतिहास

‘बुद्धिमान, परंतु बेभरवशाचा’ हा शेरा कोणाच्या ना कोणाच्या नावापुढे पडलेला नाही अशी सरकारी कचेरी विरळाच असेल. असा मनुष्य आपणा सर्वांच्या परिचयाचा असतो. अवघड प्रकरणातील मर्म तो एका दृष्टिक्षेपात ओळखतो, परंतु साध्या पत्राचे उत्तर त्याच्या मेजावर तीन आठवडे पडून राहते. बैठकीची वेळ तो विसरतो, चष्मा हरवतो, पाच कामांना हात घालतो आणि त्यांतील दोनच तडीस नेतो. वरिष्ठ त्याला आळशी म्हणतात, घरची माणसे त्याला बेफिकीर म्हणतात, आणि चाळिशी ओलांडेपर्यंत त्याला स्वतःलाही ही दोन्ही विशेषणे खरी वाटू लागतात. हा शीलाचा दोष की प्रकृतीचा धर्म, हा प्रश्न मोठा जुना आहे. त्याचे उत्तर शोधण्यात वैद्यांची जवळजवळ अडीच शतके गेली. त्या शोधाचा वृत्तान्त मनोरंजक तर आहेच, पण पुष्कळांच्या आयुष्याला स्पर्श करणाराही आहे.

युरोपीय वैद्यकात या विषयाचा पहिला स्पष्ट उल्लेख १७७५ च्या सुमारास सापडतो. मेल्खिओर आडाम वायकार्ड या जर्मन वैद्याने आपल्या ग्रंथात अवधानाच्या उणिवेवर स्वतंत्र प्रकरण लिहिले. त्याने सुचविलेले उपाय आज वाचताना हसू येते. आंबट ताक, थंड पाण्याचे स्नान, लोहाचे चूर्ण, घोड्यावरची रपेट, आणि फारच झाले तर अंधाऱ्या, निवांत खोलीत एकांतवास! तथापि हसण्यापूर्वी थोडे थांबावे. व्यायाम आणि विक्षेपरहित जागा हे त्यातील दोन उपाय आजचे चिकित्सकही, अर्थात निराळ्या स्वरूपात, सांगतात.

त्यानंतर १७९८ मध्ये अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश वैद्याने मनोविकारांवरील आपल्या ग्रंथात ‘अवधान आणि त्याचे विकार’ या विषयाला एक प्रकरण दिले. काही माणसांच्या ठायी एका विषयावर मन टिकविण्याची असमर्थता जन्मजात असते, असे त्याने नोंदले. शेजारी मेज हलले, दार आपटले, कोणी खोलीत येरझारा घालू लागला की अशा माणसाचे मन त्या दिशेला ओढले जाते. मुलांचे धड्याकडे लक्ष लागत नाही तेव्हा शिक्षक तो अपराध समजतो. क्रायटनने त्याकडे निरीक्षकाच्या नजरेने पाहिले. वय वाढते तसा हा दोष बहुधा ओसरतो, अशी मात्र त्याची समजूत होती. ही समजूत पुढे पावणेदोनशे वर्षे टिकून राहिली, आणि प्रौढांवर जो अन्याय झाला त्याचे मूळ तिच्यातच आहे.

एकोणिसाव्या शतकात हा विषय वैद्यकापेक्षा बालवाङ्मयातच अधिक दिसतो. फ्रँकफुर्टचे डॉक्टर हाइन्रिख होफमान यांनी १८४४ च्या नाताळासाठी आपल्या तीन वर्षांच्या मुलाकरिता चित्रांची एक वही तयार केली. पुढील वर्षी ती छापली गेली, आणि नंतरच्या एका आवृत्तीत चुळबुळ्या फिलिपची गोष्ट तिच्यात आली. जेवणाच्या मेजावर हा मुलगा स्वस्थ बसत नाही, खुर्ची मागेपुढे झुलवितो, आणि अखेर मेजावरचे वस्त्र ओढून सारे अन्न खाली पाडतो. पुस्तक डॉक्टरचे, पण दृष्टी डॉक्टरची नव्हे, रागावलेल्या बापाची होती. त्या काळाचे या प्रकृतीविषयीचे मत यापेक्षा निराळे नव्हते.

१९०२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये जॉर्ज फ्रेडरिक स्टिल यांनी तीन व्याख्याने दिली. बुद्धीने मंद नसलेली, तरीही स्वतःला आवर घालू न शकणारी काही मुले त्यांनी पाहिली होती. शिक्षा केली तरी काही तासांत तीच आगळीक पुन्हा घडते. तेव्हा हा केवळ संगोपनाचा दोष नसून याला शारीरिक कारण असले पाहिजे, असा त्यांचा तर्क होता. परंतु या अवस्थेला त्यांनी नाव दिले ते ‘नैतिक संयमाची उणीव’! निरीक्षण नवे आणि शब्द मात्र जुने, असा हा प्रकार होता. रोग ओळखला गेला, पण त्याच्या नावातील अपराधाचा वास गेला नाही.

यापुढील मोठी घटना योगायोगाने घडली. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड येथे मुलांसाठी असलेल्या ब्रॅडली होममध्ये डॉ. चार्ल्स ब्रॅडली काम करीत असत. मेंदूच्या एका कष्टप्रद तपासणीनंतर मुलांचे डोके दुखे, त्यावर उपाय म्हणून त्यांनी बेंझेड्रिन हे उत्तेजक औषध देऊन पाहिले. डोकेदुखीवर त्याचा फारसा उपयोग झाला नाही. परंतु शिक्षकांना दिसले की काही मुले एकाएकी अभ्यासात रमू लागली आहेत. ब्रॅडली यांनी तीस मुलांवरील आपली निरीक्षणे १९३७ मध्ये प्रसिद्ध केली. उत्तेजकाने चंचल मूल शांत व्हावे, हे त्यांना स्वतःलाही विरोधाभासासारखे वाटले. पुढे १९४४ मध्ये स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीचे रसायनज्ञ लेआंद्रो पानिझोन यांनी मेथिलफेनिडेट तयार केले. त्यांच्या पत्नीच्या ‘रीटा’ या लाडक्या नावावरून ते औषध ‘रिटालिन’ झाले. गंमत अशी की आरंभी त्याचा उपयोग थकवा आणि उदासी यांनी ग्रासलेल्या प्रौढांसाठी होई; मुलांचे औषध ही त्याची ख्याती नंतरची.

नावे मात्र बदलत राहिली. अमेरिकन मानसरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या नियमपुस्तिकेत १९६८ मध्ये या विकाराला बालपणातील अतिचांचल्याची प्रतिक्रिया म्हटले गेले, आणि पौगंडावस्थेत ती बहुधा कमी होते असेही सांगितले गेले. क्रायटनची समजूत अशा रीतीने अधिकृत ठरली. पण तेवढ्यात दोन दिशांनी तिला धक्के बसू लागले. माँट्रियलमध्ये व्हर्जिनिया डग्लस यांनी १९७२ मध्ये प्रतिपादन केले की चुळबूळ हे वरवरचे लक्षण असून अवधान टिकविणे आणि आवेग आवरणे यांतील अडचण हे मूळ आहे. त्याच शहरात गॅब्रिएल वाइस आणि लिली हेक्टमन या दोघी डॉक्टर अशा मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेत राहिल्या. मुले मोठी झाली, त्यांची चुळबूळ कमी झाली. पण अनेकांची विस्मृती, घाई आणि अपुरी कामे त्यांच्याबरोबरच मोठी झाली. याच सुमारास युटामध्ये पॉल वेंडर आणि त्यांचे सहकारी प्रौढांमधील या अवस्थेचा अभ्यास करीत होते. १९८० च्या नियमपुस्तिकेत ‘अवधान’ हा शब्द नावात आला, १९८७ मध्ये ए. डी. एच. डी. हे नाव रूढ झाले, आणि २०१३ मध्ये प्रौढांसाठी वेगळा निकष ठरला: लक्षणांचा आरंभ बारा वर्षांच्या आत झालेला असावा, मात्र प्रत्येक गटातील नऊपैकी सहांऐवजी पाच लक्षणे असली तरी पुरे. प्रौढांपैकी सुमारे अडीच टक्के लोकांत ही अवस्था आढळते, असा अंदाज आहे. म्हणजे शंभर माणसांच्या कचेरीत दोघे-तिघे तरी असे असू शकतील.

येथवरचा इतिहास पश्चिमेचा झाला. परंतु या कथेची दुसरी शाखा आपल्याकडून निघते, आणि नोकरीनिमित्त दूरदेशी राहणाऱ्यांना तिचे विशेष कौतुक वाटावे. कारण तिच्यातील दोन मुख्य पात्रे सरकारी अधिकारी आहेत.

पहिले पात्र टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स. १८६० नंतरच्या दशकात हा तरुण सिलोनच्या मुलकी सेवेत दाखल झाला. कामाच्या निमित्ताने त्याचा पालीशी संबंध आला. नोकरी काही वादांमुळे सुटली, पण पाली सुटली नाही. पुढे १८८१ मध्ये त्याने पाली टेक्स्ट सोसायटी स्थापन केली, आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या बौद्ध सुत्तांच्या भाषांतरात ‘सति’, म्हणजे आपली ‘स्मृती’, या शब्दाला ‘माइंडफुलनेस’ हा इंग्रजी प्रतिशब्द वापरला. आज जगभर फिरणारा हा शब्द अशा रीतीने एका माजी मुलकी अधिकाऱ्याच्या लेखणीतून रुळला.

दुसरे पात्र ब्रह्मदेशातील ऊ बा खिन. अकाउंटंट जनरलच्या कचेरीत कनिष्ठ कारकून म्हणून त्यांनी आरंभ केला. १९३७ मध्ये ते ध्यान शिकले. ४ जानेवारी १९४८ रोजी ब्रह्मदेश स्वतंत्र झाला, त्याच दिवशी ते त्या देशाचे अकाउंटंट जनरल झाले. हिशेबाच्या फायली आणि श्वासाचे निरीक्षण यांत त्यांना विरोध दिसला नाही. कचेरीतील सहकाऱ्यांनाही त्यांनी ध्यान शिकविले, आणि १९५२ मध्ये रंगूनला ध्यानकेंद्र उभारले. त्यांचे शिष्य सत्यनारायण गोएंका १९६९ मध्ये भारतात आले, आणि १९७६ मध्ये इगतपुरीला धम्मगिरी येथे शिबिरे सुरू झाली. १९७९ मध्ये अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात ध्यानाचा अभ्यासक्रम आखला. त्यातून धार्मिक भाग वगळला होता, पण त्यामागे झेन आणि विपश्यना या दोन्हींची शिकवण होती.

या शाखेत एका मराठी माणसाचे स्थानही मोठे आहे. गोव्यात १८७६ मध्ये जन्मलेले धर्मानंद कोसंबी पालीच्या ओढीने सिलोनला आणि ब्रह्मदेशाला गेले, कलकत्त्याला शिकविते झाले, आणि १९१० मध्ये हार्वर्डला पोहोचले. तेथे त्यांनी ज्या ग्रंथाच्या संपादनाला हात घातला तो बुद्धघोषाचा ‘विसुद्धिमग्ग’. पाचव्या शतकातील या ग्रंथात माणसांच्या प्रकृतींचे सहा वर्ग सांगितले आहेत, त्यांतील एक ‘वितक्कचरित’. हा मनुष्य बोलका असतो, गर्दीत रमतो, हाती घेतलेले पुरे करीत नाही, रात्री बेत आखतो, दिवसा त्यांच्या मागे धावतो, आणि त्याचे मन इकडून तिकडे पळत असते. हे वर्णन वाचून आपल्या ओळखीचा कोणी डोळ्यांपुढे उभा राहिला नाही तरच नवल! बुद्धघोषाचे हे निदान वैद्यकीय नव्हे, आणि दोन्ही गोष्टी एकच मानणे धाडसाचे होईल. परंतु त्याने शिक्षा न सांगता साधन सांगितले, हे विसरता येत नाही. अशा प्रकृतीला त्याने आनापानसति, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवण्याचा अभ्यास, अनुकूल मानला.

हार्वर्डलाच विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये आपल्या मानसशास्त्राच्या ग्रंथात लिहिले होते की भटकलेले अवधान पुनःपुन्हा परत आणण्याची शक्ती हा विवेकाचा आणि इच्छाशक्तीचा पाया आहे. ती वाढविणारे शिक्षण मिळाले तर त्याहून श्रेष्ठ शिक्षण नाही. ते शिक्षण द्यावे कसे, याचा व्यवहार्य मार्ग सांगणे मात्र त्यांना कठीण वाटले. कोसंबी हार्वर्डला पोहोचले त्याच वर्षी जेम्स निवर्तले. एकाने विचारलेल्या प्रश्नाचे एक उत्तर दुसऱ्याच्या हातातील पोथीत होते.

आधुनिक काळात हे दोन प्रवाह एकत्र आले. २००८ मध्ये लिडिया झिलोव्स्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियात अशा प्रौढांना व किशोरांना आठ आठवडे स्मृति-साधना शिकविली. काही लक्षणांत सुधारणा दिसली. प्रयोग लहान होता, आणि हा मार्ग औषधाची जागा घेतो असा दावा करता येणार नाही. त्यातील मर्म मात्र ध्यानी घेण्याजोगे आहे. मन पळाले म्हणजे अभ्यास फसला असे नव्हे. पळाल्याचे ध्यानात येऊन ते परत आणणे हाच अभ्यास. आयुष्यभर ‘लक्ष नाही’ म्हणून बोलणी खाल्लेल्या माणसाला हा दृष्टिकोन केवढा दिलासा देतो!

दुसरा मार्ग सवयींचा. बॉस्टनमध्ये स्टीव्हन सॅफ्रन यांच्या पथकाने प्रौढांसाठी जी पद्धत बसविली, तिचे परीक्षण २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. औषध चालू असूनही त्रास शिल्लक राहिलेल्यांना केवळ विश्रांतीच्या शिक्षणापेक्षा तिचा अधिक लाभ झाला. तिचे घटक कोणत्याही जुन्या हेडक्लार्कला ओळखीचे वाटतील. कामांची वही एकच असावी, चार चिठोऱ्या नसाव्यात. तारखांची डायरी एकच, आणि ती रोज ठरल्या वेळी उघडावी. मोठे प्रकरण एका बैठकीत संपणार नाही, तेव्हा त्याचे लहान तुकडे पाडावेत. तुकडा एवढा असावा की आपले अवधान टिकते तेवढ्या वेळात तो पुरा व्हावा. मध्येच दुसरा विचार आला तर त्याच्यामागे न धावता तो कागदावर टिपून ठेवावा आणि हातचा तुकडा संपल्यावर त्याकडे पाहावे. किल्ल्यांना आणि चष्म्याला एक ठरलेली जागा द्यावी. यात इच्छाशक्तीची परीक्षा कोठेच नाही. स्मरणाचा जो भार आतून पेलत नाही तो बाहेरच्या वस्तूंवर सोपवावा, एवढेच यातील तत्त्व.

येथेच बदलीच्या नोकरीचा प्रश्न उभा राहतो. सवय माणसात जेवढी असते तेवढीच त्याच्या घरात, वाटेत आणि मेजात असते. नागपूरच्या घरात खुंटीवर किल्ली अडकविणारा हात लखनौच्या नव्या घरात खुंटी शोधीत राहतो. ज्याचे अवधान बळकट आहे तो महिन्याभरात नवी घडी बसवितो. ज्याचे नाही त्याची सारी बांधणी सामानाबरोबर मोडते, आणि नव्या ठिकाणचा पहिला शेरा नेमका त्याच महिन्यांत लिहिला जातो. म्हणून अशा माणसाने सामान उघडताना भांड्यांच्या आधी आपली वही, घड्याळ आणि खुंटी यांची जागा ठरवावी, हे सांगणे विनोदाचे नव्हे.

हे सर्व करूनही काम, संसार आणि मन यांची ओढाताण थांबत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात कमीपणा नाही. निदान करणे हे त्याचे काम. विसराळूपणाची कारणे निद्रानाश, चिंता, उदासी, थायरॉइडचा विकार अशी अनेक असू शकतात. औषधेही नियंत्रित आहेत, आणि ती त्याच्याच देखरेखीखाली घ्यावयाची असतात.

वायकार्डच्या ताकापासून आजच्या चिकित्सेपर्यंत उपाय बदलले, नावे तर कितीदा बदलली. पण या इतिहासातील खरी प्रगती मोजावयाची झाली तर ती एकाच मापाने मोजता येईल: चंचल माणसाला आपण काय म्हणतो? स्टिल यांच्या काळी त्याला संयमहीन म्हणत; आज त्याला साह्याची गरज असलेला म्हणता येते. गोपनीय अहवाल लिहिणाऱ्या हातांत या फरकाचे पुष्कळ काही आहे. ‘बेभरवशाचा’ हा शब्द लिहिण्यास क्षणही लागत नाही. त्याला एक वही, एक ठरलेली मुदत आणि एक निवांत कोपरा दिला होता काय, हे विचारण्यासही तेवढाच वेळ लागतो.