नाक्यावरील रोजनिशी

लढाईचा इतिहास लिहिणें त्या मानानें सोपें. तिला तारीख असते, सेनापति असतात, जय आणि पराजय असतात. पण जो जाच रोज पहाटे सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशीं पुनः तसाच उगवतो, ज्यांत बहुधा कोणी मरत नाहीं, फक्त कोणाची रोजी बुडते, कोणाची परीक्षा चुकते, कोणाला दवाखाना गांठावयास अर्धा दिवस लागतो, त्याची बखर कोणीं लिहावी? इस्रायलमधील कांहीं स्त्रियांनीं २००१ सालीं हें काम अंगावर घेतलें. त्यांच्या मंडळाचें नांव 'माखसोम वॉच'. हिब्रू भाषेंत माखसोम म्हणजे अडसर, लष्करी नाका. पहारेकऱ्यांवरचा हा पहारा, असेंच म्हणाना.

नाका म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें दोन राज्यांची सरहद्द येते. येथें तसें नव्हतें, आणि ही गोष्ट ध्यानांत आल्याखेरीज पुढचें कांहींच उमगणार नाहीं. १९६७ च्या जून महिन्यांतील युद्धांत इस्रायलनें जॉर्डन नदीच्या पश्चिम तीरावरचा प्रदेश जिंकून घेतला. १९७२ सालीं तेथील पॅलेस्टिनी रहिवाशांस इस्रायलमध्यें जाण्यायेण्याची सर्वसाधारण मुभा मिळाली. इस्रायलच्या शेतांना व बांधकामांना मजूर हवेच होते. जानेवारी १९९१ मध्यें आखाती युद्धाच्या वेळीं ही मुभा काढून घेण्यांत आली व ज्याचा त्याला वेगळा परवाना काढावा लागूं लागला. मार्च १९९३ पासून बंदी कायमची झाली. म्हणजे ज्या वर्षीं ऑस्लो कराराचा एवढा गाजावाजा झाला, त्याच वर्षीं वाटा मिटूं लागल्या होत्या.

पुढें सप्टेंबर २००० मध्यें दुसरा उठाव पेटला. इस्रायलच्या शहरांत बसगाड्यांतून व उपाहारगृहांतून आत्मघातकी स्फोट झाले, शेंकडों निरपराध नागरिक मेले. ती भीति खोटी नव्हती, हें सांगितल्यावांचून पुढें जाणें अप्रामाणिकपणाचें होईल. परंतु लष्करानें जे नाके बसविले त्यांतील पुष्कळसे इस्रायलच्या वेशीवर नव्हतेच. नाब्लुस शहराच्या दक्षिणेस हुवारा, पश्चिमेस बैत ईबा. हे दोन्ही नाके पॅलेस्टिनी गांव आणि पॅलेस्टिनी शहर यांच्या मधोमध. विद्यार्थी आपल्या विद्यापीठांत, शेतकरी आपल्या बाजारांत, वेणा लागलेली बाई आपल्या इस्पितळांत जावयास निघाली तरी वाटेंत दुसऱ्या देशाचा शिपाई उभा.

यहूदित केशेत, रॉनी जेगर आणि आदी कुंट्समन या तिघींनीं जेरुसलेममध्यें कामास आरंभ केला. बेथलेहेमहून जेरुसलेमला येणाऱ्या वाटेवर ३०० क्रमांकाचा नाका आहे. प्रथम तेथें जाऊन त्या उभ्या राहूं लागल्या. थोड्याच वर्षांत मंडळांतील स्त्रियांची संख्या कांहीं शेंकड्यांवर गेली. पुष्कळशा वयस्क, शिकलेल्या, खाऊनपिऊन सुखी घरांतल्या. पुरुषांना मंडळांत प्रवेश ठेविला नाहीं, आणि यांत मोठें शहाणपण होतें. इस्रायलमधील बहुतेक यहुदी पुरुष हा शिपाई किंवा माजी शिपाई. असे दोघे समोरासमोर आले कीं बोलाचाली हातघाईवर जावयास वेळ लागत नाहीं. उलट, हातांत बंदूक असलेल्या एकोणीस वर्षांच्या पोराशेजारीं त्याच्या आजीच्या वयाची बाई वही उघडून उभी राहिली म्हणजे त्याची पंचाईत होते. तिला हाकलतां येतें, पण तिच्या अंगावर जाववत नाहीं. हाकलण्याचे प्रसंग वारंवार आलेच. देशद्रोही हें विशेषणहि त्यांच्या अंगवळणीं पडलें.

रीत साधी होती. सकाळची एक पाळी, दुपारची एक. नाक्यावर पोंचल्याची वेळ, उघड्या वाटा किती, रांगेंत माणसें किती, बाजूला कोणाला बसवून ठेविलें, केव्हांपासून, कोणत्या कारणासाठीं. आणि कारण सांगितलें नसेल तर तेंहि. घरीं परतल्यावर हें सारें हिब्रूंत व इंग्रजींत प्रसिद्ध करावयाचें. मध्येंच कोणी रोगी अडकून पडला असेल तर लष्करी कचेऱ्यांना टेलिफोन करून त्याच्या सुटकेची खटपट करावयाची.

ह्या नोंदींतला बहुतेक मजकूर कंटाळवाणा आहे, आणि माझ्या मतें हेंच त्याचें मोल. नाक्याची खरी सत्ता लहरींत असते. काल चाललेला परवाना आज चालत नाहीं. वयाची अट सकाळीं एक, दुपारीं दुसरी. परत फिरविलेल्या माणसाच्या हातांत लेखी हुकूम पडत नाहीं. खटला नाहीं, निकाल नाहीं, तो आपला घरीं जातो आणि घडलेली गोष्ट न घडल्यासारखी होते. लष्कराला विचारावें तर तें एखाद्या शिपायाची चूक म्हणून सांगतें. एका दिवसाच्या टिपणानें तें खोटें ठरत नाहीं. पण एकाच नाक्याचीं, एकाच वेळेचीं वर्षानुवर्षांचीं टिपणें पुढें ठेविलीं म्हणजे चूक कोणती आणि वहिवाट कोणती, हें कोणालाहि वाचतां येतें.

लोकांच्या स्मरणांत मात्र वेगळेंच राहतें. नोव्हेंबर २००४ मध्यें बैत ईबाच्या नाक्यावर एका पॅलेस्टिनी तरुणानें शिपायांसमोर आपलें व्हायोलिन वाजविलें. मंडळांतील एका बाईनें तें दृश्य चित्रफितींत टिपलें. तें प्रसिद्ध होतांच इस्रायलभर खळबळ उडाली. नाझी छळछावण्यांत यहुदी कैद्यांकडून वाद्यें वाजवून घेत असत, ती जखम तेथें अद्याप ओली आहे. त्यानें आपणहून वाजविलें, असें लष्करानें मागाहून सांगितलें. तरुणानें तें नाकारलें. वाद कांहीं आठवडे चालला. त्याच रांगेंत रोज ताटकळणाऱ्या माणसांची बातमी त्याहि आठवड्यांत झाली नाहीं.

ह्याहून मला बोलका वाटतो तो फिरत्या दरवाजांचा तपशील. मोठ्या नाक्यांवर एका वेळीं एकच माणूस आंत जाईल असे लोखंडी दरवाजे बसविले. एयाल वाइझमन यांच्या 'हॉलो लँड' या २००७ सालच्या ग्रंथांत त्यांचीं मापें आहेत: इस्रायलमध्यें अशा दरवाजाच्या दांड्या ७५ ते ९० सेंटिमीटर लांबीच्या, नाक्यांसाठीं मागविलेल्या ५५ सेंटिमीटर. कडेवर मूल किंवा डोक्यावर गाठोडें घेतलेली बाई त्यांत अडकणारच. हें माप खणून काढलें तें ह्याच मंडळांतील एका बाईनें.

आतां आक्षेप. नाक्यांवर पुढें छप्परें आलीं, पिण्याच्या पाण्याची सोय झाली, म्हाताऱ्यांसाठीं व आजाऱ्यांसाठीं वेगळी वाट आली. आपण माणुसकीनें वागतों असें लष्करास ह्या बायकांकडे बोट दाखवून सांगतां येऊं लागलें. हागार कोटेफ व मेराव अमीर या विदुषींनीं २००७ सालच्या एका लेखांत हाच प्रश्न उकरून काढला: पाहणाऱ्या स्त्रिया हळूहळू नाक्याच्याच यंत्रणेंत सामावल्या जात नाहींत ना? आक्षेप वजनदार आहे. खुद्द मंडळांतहि त्यावर कडाक्याचे वाद झाले. परंतु ज्याचें मूल तापानें फणफणत रांगेंत उभें आहे त्याच्यासाठीं टेलिफोन करूं नका, असें त्या बाईस सांगण्याचें धैर्य मला तरी होत नाहीं. आणि टेलिफोन लागो वा न लागो, टिपण राहतेंच.

२००९ च्या सुमारास नाब्लुसभोवतालचे नाके सैल झाले, तेव्हां हें काम संपलें असें कित्येकांस वाटलें. संयुक्त राष्ट्रसंघाच्या कचेरीनें पश्चिम तीरावरील वाहतुकीचे सर्व प्रकारचे अडथळे मोजले ते २०२० सालीं ५९३ भरले, २०२३ च्या आरंभीं ६४५, आणि २०२५ च्या आरंभीं ८४९. मधल्या काळांत, ऑक्टोबर २०२३ मध्यें, हमासचा हल्ला होऊन गाझाचें युद्ध पेटलें होतें. मजुरांचे परवाने एका फटक्यानें गेले आणि गांवोगांवच्या तोंडाशीं लोखंडी फाटकें लागलीं.

नाके ओसरले तेथेंहि कुंपण उरलें. २००२ पासून बांधलेल्या ह्या कुंपणामुळें कित्येक गांवांचीं शेतें पलीकडे गेलीं. जुलै २००४ मध्यें आंतरराष्ट्रीय न्यायालयानें तें बेकायदा ठरविलें, तरी तें उभेंच राहिलें. शेतांकडे जावयास त्यांत फाटकें आहेत. कांहीं दिवसांतून ठराविक वेळीं उघडतात, कांहीं फक्त जैतुनाच्या हंगामांत. मंडळांतील स्त्रिया तेथेंहि जात राहिल्या. त्यांच्या टिपणांत फाटक उघडण्याची ठरलेली वेळ असते, आणि शेजारीं किल्ली घेऊन शिपाई खरोखर आला ती वेळ.