भारतीय आंब्याची अमेरिकेतील आयात

भारतीय आंब्याची अमेरिकेतील आयात ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या वनस्पती-संरक्षण नियमांनुसार होणारी ताज्या फळांची आयात आहे. १९८९ पासून बंद असलेली ही आयात २००७ मध्ये पुन्हा सुरू झाली. आंब्यावर किमान ४०० ग्रे मात्रेची विकिरण प्रक्रिया झालेली असणे आणि त्या प्रक्रियेचा अधिकृत लेखी पुरावा मालासोबत असणे, या तिच्या दोन प्रमुख अटी होत. यांपैकी एकही अपुरी राहिल्यास फळ कितीही उत्तम असले तरी ते अमेरिकेच्या बाजारात जाऊ शकत नाही.

पार्श्वभूमी

ताज्या फळाबरोबर त्यातील कीड आणि रोगजंतूही देशांच्या सीमा ओलांडतात. नव्या प्रदेशात त्यांचे नैसर्गिक शत्रू नसल्यास त्यांचा फैलाव झपाट्याने होतो. म्हणून बहुतेक देश आयात फळांवर निर्बंध घालतात. १९५१ च्या आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण कराराने या निर्बंधांना समान चौकट दिली. अमेरिकेत हे काम कृषी विभागाच्या अखत्यारीतील प्राणी व वनस्पती आरोग्य तपासणी सेवा ही यंत्रणा पाहते. तिच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ती 'एफिस' या नावाने ओळखली जाते.

भारतीय आंब्याला मार्च २००६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या भारतभेटीच्या वेळी प्रवेश देण्याचे ठरले. मार्च २००७ मध्ये अंतिम नियम प्रसिद्ध झाला आणि एप्रिल २००७ च्या अखेरीस हापूस व केसर आंब्यांची पहिली खेप अमेरिकेत पोहोचली.

धोकादायक मानलेल्या किडी व रोग

कोयीतील भुंगा: या भुंग्याची मादी कोवळ्या फळाच्या सालीवर अंडी घालते. अळी गरातून वाट काढत कोयीत शिरते आणि तिचा मार्ग फळ वाढताना भरून येतो. त्यामुळे बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या आंब्याच्या कोयीत जिवंत भुंगा असू शकतो. गरात राहणारी याच कुळातील दुसरी जातही नियमांत समाविष्ट आहे.

फळमाशी: मादी पक्व होत आलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते व अळ्या गर खातात. फळमाशी आंब्याखेरीज इतर अनेक फळांवर व भाज्यांवर उपजीविका करते. २०१५ मध्ये फ्लोरिडा राज्यातील मायामी-डेड काउंटीत पौर्वात्य फळमाशी आढळल्यावर तेथील शेतमालाच्या वाहतुकीवर निर्बंध लादण्यात आले होते.

बुरशी व जिवाणू: आंब्यावरील काही बुरशीजन्य रोग आणि जिवाणूजन्य काळे ठिपके यांचाही विचार नियमांत केलेला आहे. ४०० ग्रेची मात्रा कीटकांसाठी ठरवलेली असल्यामुळे या रोगांसाठी वेगळे उपाय करावे लागतात. त्यात हंगामात बागेत बुरशीनाशकाची फवारणी, तोडणीपूर्वी बागेची तपासणी किंवा तोडणीनंतर फळे बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवणे यांपैकी एका पर्यायाचा समावेश होतो.

विकिरण प्रक्रिया

मेक्सिकोतून अमेरिकेत जाणाऱ्या आंब्यासाठी गरम पाण्याची प्रक्रिया दीर्घकाळ वापरात आहे. ती फळमाशीवर परिणामकारक असली तरी कोयीच्या आत दडलेल्या भुंग्यासाठी पुरेशी ठरत नाही. भारतीय आंब्यासाठी विकिरणाचा मार्ग निवडला जाण्याचे हे मुख्य कारण होय.

या प्रक्रियेत पेटीबंद आंब्यांवर कोबाल्ट-६० या स्रोतातून निघणारे गॅमा किरण सोडले जातात. त्यामुळे फळ किरणोत्सर्गी होत नाही. ढिगातील प्रत्येक पेटीला सारखी मात्रा मिळत नसल्यामुळे मात्रामापक ठेवून मोजणी केली जाते. सर्वांत कमी मात्रा मिळणाऱ्या जागीही ती ४०० ग्रे भरली पाहिजे. दुसरीकडे, ताज्या अन्नपदार्थांसाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने घातलेली १,००० ग्रेची कमाल मर्यादाही ओलांडता येत नाही. प्रक्रिया झालेल्या आणि न झालेल्या पेट्या वेगळ्या ठेवाव्या लागतात. पेट्या किडीला पुन्हा प्रवेश मिळणार नाही अशा असाव्या लागतात आणि विक्रीच्या वेळी विकिरणाचे चिन्ह व उल्लेख ग्राहकाला दिसावा लागतो.

नाशिक जिल्ह्यातील लासलगाव येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या 'कृषक' केंद्रात २००७ मध्ये हे काम सुरू झाले. कांद्याला कोंब फुटू नयेत, हा या केंद्राचा मूळ हेतू होता. पुढे नवी मुंबईतील वाशी येथील महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या केंद्रातही ही सोय झाली. कोकणातून येणाऱ्या आणि मुंबईहून विमानाने जाणाऱ्या नाशवंत फळासाठी ते अधिक सोयीचे ठरले.

आवश्यक कागदपत्रे

खेपेसोबत प्रामुख्याने पुढील कागदपत्रे लागतात.

आयात परवाना: अमेरिकेतील आयातदाराने एफिसकडून तो आधीच घ्यावयाचा असतो.

फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र: भारताच्या वनस्पती संरक्षण यंत्रणेचे अधिकारी हे प्रमाणपत्र देतात. त्यावर ठरवून दिलेल्या अटी पूर्ण झाल्याची अतिरिक्त घोषणा असते.

पीपीक्यू २०३: माल निघण्यापूर्वी परदेशातच तपासणी व प्रक्रिया पूर्ण झाल्याचे प्रमाणित करणारा हा अमेरिकी कृषी विभागाचा नमुना आहे.

पूर्वसूचना: माल पोहोचण्यापूर्वी अन्न व औषध प्रशासनाला त्याची माहिती द्यावी लागते. विमानाने येणाऱ्या मालासाठी ही मुदत किमान ४ तासांची आहे.

याशिवाय बीजक, हवाई मालवाहतुकीची पावती आणि सीमाशुल्काचे दस्तऐवज लागतात. भारतात बाग, पॅकहाऊस आणि विकिरण केंद्र यांच्या नोंदींचा परस्परांशी मेळ बसणे आवश्यक असते, जेणेकरून दोष आढळल्यास पेटीचा माग काढता येतो.

कागदपत्रांचे महत्त्व

गरम पाणी किंवा वाफेच्या प्रक्रियेने कीटक मरणे अपेक्षित असते. विकिरणाचे तसे नाही. ४०० ग्रे मात्रेने कीटक लगेच मरतीलच असे नाही. त्यांची पुढील वाढ किंवा प्रजननक्षमता नष्ट होते व ते नव्या प्रदेशात वंश वाढवू शकत नाहीत. त्यामुळे अमेरिकेच्या विमानतळावर आंबा कापून पाहिला आणि त्यात जिवंत भुंगा सापडला, तरी तेवढ्यावरून प्रक्रिया झाली नाही असे सिद्ध होत नाही. उलट, फळात कीड आढळली नाही म्हणून प्रक्रिया झाली असेही म्हणता येत नाही. फळाकडे पाहून कळू न शकणारी ही गोष्ट केवळ मात्रेच्या नोंदी आणि प्रमाणपत्र यांतूनच कळते. या आयातीत कागदपत्रांना प्रक्रियेइतकेच वजन आहे ते यामुळेच.

२०२५ मधील घटना

मे २०२५ मध्ये याचा प्रत्यय आला. नवी मुंबईत प्रक्रिया केलेल्या आंब्यांच्या सुमारे १५ खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटा येथील विमानतळांवर नाकारण्यात आल्या. पीपीक्यू २०३ नमुना चुकीच्या पद्धतीने दिला गेल्याचे कारण अमेरिकी अधिकाऱ्यांनी दिले. प्रक्रिया रीतसर झाल्याशिवाय हा नमुना मिळतच नाही, असे निर्यातदारांचे म्हणणे होते. माल परत नेणे किंवा नष्ट करणे हे दोनच पर्याय होते. परतीचा खर्च आणि फळाचे अल्प आयुष्य पाहता निर्यातदारांनी तो नष्ट करण्याचा मार्ग पत्करला. नुकसानीचा अंदाज सुमारे ५ लाख डॉलर इतका वर्तवण्यात आला.

पूर्वतपासणीची व्यवस्था

माल भारतातून निघण्यापूर्वीच अमेरिकी निरीक्षकांच्या उपस्थितीत तपासणी करण्याची पद्धत सुरुवातीपासून आहे. कोविड-१९ च्या साथीत निरीक्षकांचा प्रवास थांबल्यामुळे २०२० व २०२१ या हंगामांत निर्यात होऊ शकली नाही. त्यानंतर झालेल्या समझोत्यात या देखरेखीची जबाबदारी टप्प्याटप्प्याने भारतीय यंत्रणेकडे सोपवण्याचे ठरले. त्याच समझोत्यात भारतीय डाळिंबाला अमेरिकेत आणि अमेरिकी चेरी व अल्फाल्फा चाऱ्याला भारतात प्रवेश देण्याची तरतूद होती. २०२२ मध्ये आंब्याची निर्यात पुन्हा सुरू झाली.

प्रवाशांसाठी नियम

भारतातून आंबा नेण्याची परवानगी केवळ व्यापारी खेपांना आहे. त्यामुळे नातेवाइकांसाठी सामानातून नेलेला आंबा घरच्या झाडाचा असो वा बाजारातून घेतलेला, तो विमानतळावर जप्त होतो. जवळची फळे सीमाशुल्क अर्जात घोषित न केल्यास दंडही होऊ शकतो.

इतर देशांतील पद्धती

जपानने २००६ मध्ये भारतीय आंब्यावरील बंदी उठवली. तेथे वाफेच्या उष्णतेची प्रक्रिया मान्य आहे. फळमाशी आढळल्याने युरोपीय महासंघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्याची आयात थांबवली होती. सुधारणा झाल्यानंतर जानेवारी २०१५ मध्ये ही बंदी मागे घेण्याचा निर्णय झाला. भारतही आयात फळांना असेच नियम लावतो. किडीच्या कारणावरून डिसेंबर २०२१ मध्ये इराणी किवीची आयात भारताने थांबवली होती.

हे सुद्धा पहा

हापूस आंबा
फळमाशी
अन्न विकिरण
आंतरराष्ट्रीय वनस्पती संरक्षण करार