दूरसंचाराचे नियम आणि आज्ञावली : हैदराबादच्या ‘५जी-आय’चा धडा

दूरसंचार प्रोटोकॉल म्हणजे दोन यंत्रांनी परस्परांशी कोणत्या क्रमाने व कोणत्या स्वरूपात संवाद साधावा, याची नियमावली. हे नियम कागदावर प्रसिद्ध होत असले तरी प्रत्यक्षात ते आज्ञावलीच्या रूपानेच चालतात. संपूर्ण आज्ञावली नव्याने लिहिणे खर्चिक असल्याने चालू आज्ञावलीत आवश्यक तेवढेच फेरफार करण्याचा प्रघात आहे. फ्रान्समधील यूरेकॉम संस्थेतून पुढे आलेली ‘ओपनएअरइंटरफेस’ ही खुली आज्ञावली संशोधक त्यासाठी वापरतात.

थरांची रचना

मोबाइल जाळ्याची आज्ञावली थराथरांची असते. सर्वांत खालचा थर रेडिओ लहरींवर माहिती चढवतो. वरचे थर वेळेचे वाटप, हरवलेल्या माहितीची फेरपाठवणी, गुप्तता आणि जोडणीचे नियंत्रण सांभाळतात. खालच्या थरात नवी पद्धत घातली, की ती आपल्याला अवगत असल्याचे फोनने मनोऱ्याला कळवावे लागते. त्यासाठी नियंत्रण-संदेशात नवी नोंद येते. ती विस्तारासाठी राखलेल्या जागी असेल, तर जुनी यंत्रे तिच्याकडे दुर्लक्ष करून काम चालू ठेवतात. भलत्याच जागी घातल्यास पुढील सर्व नोंदींचा अर्थ बदलतो आणि जोडणी तुटते. वेळेचे बंधनही कडक असते. ५जीच्या प्रचलित मांडणीत एक कालखंड अर्ध्या मिलिसेकंदाचा असतो. तेवढ्यात काम न आटोपणारी आज्ञावली बिनचूक असूनही निरुपयोगी ठरते.

ग्रामीण भारताची गरज

हैदराबादच्या मलकपेठसारख्या दाट वस्तीत मनोरे जवळजवळ उभारता येतात. खेड्यापाड्यांत ते परवडत नाही. दूरच्या मनोऱ्याचा संकेत फोनपर्यंत पोहोचतो, पण फोनचा क्षीण संकेत उलट दिशेने पोहोचत नाही. म्हणून मनोऱ्यांमध्ये ६ किलोमीटर अंतर असलेल्या ग्रामीण क्षेत्राचा निकष भारताच्या पाठपुराव्यामुळे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या ५जी चाचण्यांत आला. फोनच्या लहरीतील चढउतार कमी ठेवून तिला अधिक ताकदीने प्रक्षेपित करण्याच्या पद्धतीवर आयआयटी हैदराबादमध्ये काम झाले. ‘टीएसडीएसआय’ या भारतीय मानक संस्थेने ‘३जीपीपी’च्या जागतिक ५जी नियमांत असे मोजके बदल करून ‘५जी-आय’ हे मानक मांडले. नोव्हेंबर २०२० मध्ये संघाने त्याला मान्यता दिली.

वेगळेपणाची किंमत

बदल थोडे असले, तरी मानक वेगळे राहिल्यास प्रत्येक फोन आणि मनोऱ्याच्या आज्ञावलीची भारतासाठी निराळी आवृत्ती सांभाळावी लागली असती. उपकरणे महागतील व परदेशी जाळ्यांशी मेळ बसणार नाही, असा दूरसंचार कंपन्यांचा आक्षेप होता. अखेर डिसेंबर २०२१ मध्ये ५जी-आय ‘३जीपीपी’च्या सतराव्या आवृत्तीत विलीन करण्यावर सहमती झाली. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात ५जी सेवेचा प्रारंभ झाला, तो जागतिक मानकावरच.

गोव्यापुरते पाहता, या पद्धतीचा लाभ मोकळ्या पठारावर अधिक मिळतो. सत्तरी, सांगे, काणकोण या तालुक्यांत सह्याद्रीचे डोंगर संकेत अडवतात. फोनची पोच वाढवणारी आज्ञावली तेथे मनोऱ्याची जागा घेऊ शकत नाही.