परागकणांची साक्ष

इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि नाणी आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. पण ज्या काळी लिहिणारा माणूसच नव्हता, त्या काळाची साक्ष कोणी द्यावयाची? आमचे उत्तर असे, की फुलांतून उडणाऱ्या धुळीने.

परागकण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. पण त्याचे कवच विलक्षण चिवट असते. खडकाची पूड हायड्रोफ्लुओरिक आम्लात टाकली तर खडक विरघळतो, कवच मात्र शाबूत राहते. प्रत्येक वनस्पतिकुलाचा कण आपापल्या घडणीचा असल्यामुळे कोणत्या थरात कोणते रान होते हे मोजून सांगता येते. दलदलीतील थरांचे असे मोजमाप करून अरण्यांचा इतिहास मांडण्याची रीत स्वीडनचे लेनार्ट फॉन पोस्ट यांनी १९१६ साली घालून दिली.

हीच रीत पुढे एका मोठ्या वादात उपयोगी पडली. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी डायनोसॉर नाहीसे झाले. ते हळूहळू खंगत गेले की एकाएकी? १९८० साली लुई आल्व्हारेझ, त्यांचे पुत्र वॉल्टर आणि त्यांचे सहकारी यांनी इटलीतील गुब्बिओ येथील मातीच्या पातळ थरात इरिडियम हा धातू नेहमीच्या सुमारे तीसपट असल्याचे दाखवून दिले, आणि आकाशातून प्रचंड अशनी कोसळल्याचा सिद्धान्त मांडला. त्यावर आक्षेप आला. ही माती समुद्रतळाची. समुद्राच्याच रासायनिक क्रियेने तेथे इरिडियम साचले नसेल कशावरून?

याचे उत्तर जमिनीवरच शोधावयास हवे होते. पण जमिनीवरील थरांत नेमकी रेघ दाखवावयाची कोणी? ती परागकणांनी दाखविली. अमेरिकेत न्यू मेक्सिकोच्या रॅटन खोऱ्यात जुन्या दलदलींचे कोळशाचे थर आहेत. तेथील परागकण तपासून रॉबर्ट चुडी यांनी सीमा ठरविली आणि कार्ल ऑर्थ व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या जागचे इरिडियम मोजले. गोड्या पाण्याच्या त्या गाळातही, नेमके त्याच रेघेवर, ते भरपूर निघाले. १९८१ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. एकमेकांना न ओळखणारे दोन साक्षीदार एकच जबानी देऊ लागले, तर न्यायाधीशाला विचार करणे भागच पडते!

त्या रेघेवर दिसले ते आणखी बोलके होते. काही परागकण तेथेच कायमचे थांबतात, आणि लगेच वरच्या काही सेंटिमीटरांत नेच्यांचे बीजाणू शेकडा ७० ते १०० पर्यंत चढतात. मग फुलझाडे परततात. १९८४ साली मोंटानातही तोच क्रम आढळला, पुढे न्यूझीलंडमध्येही. याचा अर्थ कळण्यास १८८३ चा क्राकाताऊचा स्फोट उपयोगी पडतो. त्या होरपळलेल्या बेटावर तीन वर्षांनी ट्रॉइब हे वनस्पतिशास्त्रज्ञ गेले, तेव्हा तेथे नेच्यांचेच राज्य होते. उजाड भूमीवर पहिले पाऊल नेच्यांचे पडते.

परंतु साक्षीदार कितीही सच्चा असला तरी त्याच्या तोंडी नसलेले शब्द आपण घालू नयेत. नेच्यांची वाढ उजाडपणा सांगते. किती जाती नष्ट झाल्या हे ती सांगत नाही. उत्तर डकोटात परागकणांचे सुमारे एक-तृतीयांश प्रकार नाहीसे झाले. तेथीलच अश्मीभूत पानांवरून हिशेब केला तर नुकसान निम्म्याहून अधिक भरते. जवळच्या जातींचे परागकण सारखेच दिसतात, म्हणून त्यांची साक्ष थोडी सौम्य असते.

१९९१ साली मेक्सिकोतील चिक्शुलुब येथील पुरलेल्या विवराची ओळख पटली आणि अशनीचा पक्ष बळावला. तरीही आपल्या पायाखालचा काळा पाषाण या खटल्यातून सुटलेला नाही. दख्खनचा लाव्हा त्या सीमेपूर्वीच वाहू लागला होता आणि नंतरही वाहत राहिला. विनाशात त्याचा वाटा किती, यावर आजही वाद आहे. लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडलेल्या तळ्यांच्या गाळात त्या काळच्या वनस्पतींचे अवशेष आहेत. नागपूरजवळच्या टाकळीचे असे अवशेष हिस्लॉप यांनी १८५० नंतरच्या दशकातच जगापुढे आणले होते.

राजवाडे कोसळतात आणि बखरी जळतात. पण ज्या धुळीकडे कोणी पाहिले नाही, तिने साडेसहा कोटी वर्षांहून अधिक काळ आपली जबानी जपली. इतिहासकाराने साक्षीदाराचा मोठेपणा पाहू नये, त्याची सत्यता पाहावी, एवढेच आम्हांस सांगावयाचे आहे.