हात पाण्याबाहेर काढणारे

एप्रिल १८४४. लंडनच्या हाय होल्बर्न भागातल्या तलावावर ब्रिटिश स्विमिंग सोसायटीने एक शर्यत ठेवली होती. बक्षीस रुप्याचे पदक आणि स्पर्धक दोघेच, उत्तर अमेरिकेतल्या ओजिब्वे जमातीचे. इंग्रजांच्या तोंडी त्यांची नावे होती ‘फ्लाइंग गल’ आणि ‘टोबॅको’. इशारा होताच दोघे पाण्यात झेपावले. पवनचक्कीच्या पात्यांसारखे एकेक हात वर उचलून पाण्यावर आपटत आणि पाय झाडत फ्लाइंग गलने सुमारे १३० फुटांचा तलाव अर्ध्या मिनिटात पार केला.

काठावरची मंडळी चकित झाली, पण खूश झाली नाही. एवढे पाणी उडवायचे म्हणजे असभ्यपणाच! मग केनवर्दी नावाचा इंग्रज पोहणारा पाण्यात उतरला आणि त्याने ब्रेस्टस्ट्रोकने या दोघा थकलेल्या पाहुण्यांना मागे टाकले. झाले, साहेबांची खात्री पटली. हात पाण्याबाहेर काढून पोहण्याची रीत पुढची जवळजवळ तीस वर्षे इंग्लंडने मनावरच घेतली नाही.

ब्रेस्टस्ट्रोकचे कौतुक अगदीच उगाच नव्हते. डोके वर राहते, श्वास सुखाने घेता येतो, समोरचे दिसते. कॅप्टन मॅथ्यू वेब याने १८७५च्या ऑगस्टमध्ये इंग्लिश खाडी पोहून पार केली, तीही याच पद्धतीने. डोव्हरहून निघालेला वेब जेलीफिशचे डंख सोसत, मधूनमधून ब्रँडीचे घोट घेत २१ तास ४५ मिनिटांनी कॅलेला लागला. वेगाचा प्रश्न मात्र वेगळा. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये हात पुढे नेताना पाणीच आडवे येते. हात हवेतून पुढे नेला तर तो अडथळा उरत नाही. होल्बर्नच्या तलावात हेच तर सर्वांच्या डोळ्यांसमोर घडले होते.

विहिरीत पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेली आपल्याकडची पोरेही धीर चेपला की हात बाहेर काढूनच पाणी कापतात. त्यासाठी त्यांना कुणा सोसायटीची परवानगी लागली नाही.

इंग्लंडला ही रीत पुन्हा भेटली १८७३ साली. जॉन ट्रजन लहानपणी दक्षिण अमेरिकेत राहिला होता आणि तिथल्या लोकांचे पाहून दोन्ही हात आळीपाळीने बाहेर काढायला शिकला होता. पाय मात्र त्याने कात्रीसारखे मारणे सोडले नाही. म्हणजे निम्मी उसनवारी झाली, निम्मी राहिली.

उरलेली निम्मी सिडनीत पुरी झाली. ॲलिक विकहॅम हा सॉलोमन बेटांवरचा मुलगा; वडील इंग्रज व्यापारी, आई तिथलीच. त्याचे हात आणि वरखाली चालणारे पाय सिडनीकरांनी पाहिले. पोहणे शिकवण्याचा धंदा करणाऱ्या फ्रेडरिक कॅव्हिलच्या मुलांनी ही पद्धत उचलली, आणि १९०२मध्ये डिक कॅव्हिल १०० यार्ड एका मिनिटाच्या आत पोहला. नाव पडले ‘ऑस्ट्रेलियन क्रॉल’. सॉलोमन बेटांचा त्यात उल्लेख नाही!

या साऱ्या गोष्टीतला खरा नायक होनोलुलूचा. ड्यूक काहानामोकू हा समुद्रावर वाढलेला हवाईयन तरुण. ऑगस्ट १९११मध्ये होनोलुलूच्या बंदरात, धक्क्यांच्या मधल्या पाण्यात, त्याने १०० यार्डांसाठी ५५.४ सेकंद घेतले. जागतिक विक्रमाहून चार सेकंदांपेक्षा जास्त कमी! अमेरिकेतल्या क्रीडा संघटनेला हे पटेना. घड्याळे चुकली असतील, प्रवाहाने ढकलले असेल, अशा शंका निघाल्या. ड्यूकने उत्तर पुढच्या वर्षी स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये १०० मीटरचे सुवर्ण जिंकून दिले, आणि १९२०मध्ये अँटवर्पला पुन्हा दिले. १९२५मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ एक बोट उलटली, तेव्हा सर्फबोर्डवरून फेऱ्या मारत त्याने आठ जणांना वाचवले. पदकांपेक्षा हा पराक्रम मोठा मानायला हरकत नाही.

त्याला मागे टाकले जॉनी वाइसमुलरने. १९२२च्या जुलैमध्ये वाइसमुलर १०० मीटर ५८.६ सेकंदांत पोहला. एका मिनिटाच्या आत हे अंतर कापणारा तो पहिला. १९२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्याला सुवर्ण, ड्यूकला रौप्य आणि ड्यूकचा भाऊ सॅम याला कांस्य मिळाले. पुढे वाइसमुलर पडद्यावरचा टारझन झाला. ड्यूक होनोलुलूचा शेरीफ.

क्रॉल म्हणजे थोड्या अंतराची धांदल, लांबच्या पल्ल्याला ती कामाची नाही, असा एक समज तरीही टिकून होता. तो मोडला न्यूयॉर्कच्या गर्ट्रूड एडर्लेने. ६ ऑगस्ट १९२६ रोजी खवळलेल्या इंग्लिश खाडीत ती क्रॉल मारत उतरली आणि साडेचौदा तासांच्या आसपास पलीकडे पोहोचली. तिच्या आधी खाडी पार करणारे पाचही जण पुरुष होते. त्या पाचांतल्या सर्वांत वेगवान पोहणाऱ्यालाही सोळा तासांहून अधिक लागले होते.

आजच्या ‘फ्रीस्टाइल’ शर्यतीच्या नियमांत क्रॉलची सक्ती कुठेच नाही. हवे तर ब्रेस्टस्ट्रोकनेही पोहता येते. ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत मात्र आठच्या आठ जण हात पाण्याबाहेर काढूनच पोहतात.