नंबरची बिडी आणि मामेभावाचं @

परवा रात्री तुमसरहून मामेभावाचा फोन. घरचा तांदूळ पाकिटं करून विकायचं त्याच्या डोक्यात आहे. नावही ठरलंय: आधी 'तांदूळ', मग @, मग 'भंडारा'. "दादा, ट्रेडमार्कच्या फॉर्मात हे @ चालते का? तू कॉम्प्युटरवाला, तुले माहीत असन." कॉम्प्युटरवाल्याला काहीही माहीत नव्हतं! सगळा शनिवार त्यात गेला, आणि शोधता शोधता पोचलो कुठे, तर आजीच्या बिड्यांच्या सुपापाशी.

भंडारा जिल्ह्यात (१ मे १९९९ पर्यंत गोंदियाही त्यातच) बिडी हा मोठा धंदा. तेंदूपत्ता इथल्या जंगलातला, तंबाखू बाहेरून आलेली, आणि वळायला घरोघरच्या बायका. आजी त्यातलीच. गिऱ्हाईक बहुतेक निरक्षर, म्हणून बंडलाच्या कागदावर एखादा प्राणी, मालकाचा फोटो, नाहीतर ठसठशीत आकडा. पानठेल्यावर लोक कंपनीचं नाव घेत नसत, नंबर सांगत. आपण ज्याला स्पेशल कॅरेक्टर म्हणतो, तेच तिथे नाव होतं.

गंमत म्हणजे कायद्याला याचं कधीच वावडं नव्हतं. १९४० पर्यंत भारतात ट्रेडमार्कचं रजिस्टरच नव्हतं. लोक दस्तनोंदणी कार्यालयात मालकीचं निवेदन नोंदवत आणि पेपरात जाहीर नोटीस देत. १९४० च्या कायद्याने 'चिन्ह' म्हणजे काय ते सांगितलं, त्यात चित्र, लेबल, सही, शब्द यांच्यासोबत अक्षर आणि आकडाही होता. १९९९ च्या कायद्यातही (लागू २००३) ते तसंच आहे. सायकलच्या घंटीवरच्या '५०' या आकड्याची नोंदणी रद्द करा म्हणून भांडण सुप्रीम कोर्टात गेलं होतं. १९७० मध्ये कोर्टाने नोंदणी कायम ठेवली.

पण नुसता आकडा आहे म्हणून तो तुमचा होत नाही. '८ पीएम' व्हिस्कीवाल्यांनी 'पॅलोन ८' बिअरला आव्हान दिलं, तेव्हा २०११ मध्ये दिल्ली हायकोर्टाने म्हटलं की आकडा ट्रेडमार्क होऊ शकतो, पण एकटा ८ लोकांच्या मनात तुमचाच झालाय हे दिसत नाही. बिडीच्या नंबरांनी हेच वर्षानुवर्षं कमावलं होतं. कमावलं कुणी, हा प्रश्न वेगळा. ठेकेदार आजीच्या बिड्या तपासायचा, वाकड्यातिकड्या बाजूला काढायचा, तेवढे पैसे कापायचे. नंबरची पत राखली तिच्या बोटांनी, रजिस्टरवर नाव मालकाचं. असो.

आता @ चं. आजच्या फॉर्मात 'शब्दचिन्ह' म्हणजे शब्द, अक्षरं, आकडे किंवा साध्या टायपात लिहिलेलं काहीही. त्यामुळे @ टाइप करायला अडचण नाही. खास वळणाचं, रंगीत, पानाफुलांचं @ हवं असेल तर तो लोगो, त्याचा अर्ज वेगळा. (वर्तुळातलं 'आर' हे चिन्ह मात्र नोंदणी होईपर्यंत पाकिटावर छापायचं नाही, कायद्याने बंदी आहे.)

खरी गोची दुसरीकडेच होती. 'तांदूळ' हे मालाचं नाव, 'भंडारा' हे गावाचं. माल काय आहे आणि कुठला आहे एवढंच सांगणारं नाव नवव्या कलमाखाली अडतं, आणि मध्ये @ घातलं म्हणून सुटत नाही, कारण वाचणारा ते 'ॲट' असंच वाचतो. अपवाद म्हणजे अर्जाच्या आधीच वापराने ते नाव लोकांच्या ओळखीचं झालेलं असणं. पठ्ठ्याने अजून एक पाकीट विकलेलं नाही!

रविवारी फोन करून हे सगळं सांगितलं. एका वर्गातल्या एका अर्जाची ऑनलाइन फी छोट्या धंद्याला साडेचार हजार, शब्द आणि लोगो दोन्ही म्हटलं की नऊ. थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे आजीच्या बंडलासारखा नुसता नंबर टाकला असता तरी चाललं असतं?"

"चाललं असतं," म्हटलं, "वीस वर्षं विकलास तर."